‘नीट बस’ म्हणून पोर नीट बसतं का?

श्रोतेहो, नमस्कार. घरात पाच-सहा वर्षांचं पोर असेल, तर ‘नीट बस!’ हे दिवसातून किती वेळा ओरडता? ते क्षणभर ताठ होतं, की पुन्हा वहीत नाक. ओरडून पाठ सरळ होत नाही, पाय टेकले की होते. मोठ्यांच्या खुर्चीत त्याचे पाय लोंबकळतात, मग ते पुढं घसरतं, पोक येतं. पायाखाली पाट द्या, पाठीशी चादरीची घडी द्या. आपल्या सोलापुरात चादरीला काय तोटा! वही जरा उंच आणि तिरकी ठेवा. पण आधी पाय, पाय टेकलेले हवेत.

आता आमच्या गल्लीतल्या पहिलीतल्या पोराचं सांगतो. संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, 68 लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, त्याआधी पेलण्याचा सराव चालतो. तर हे पोर सराव बघायला जायचं. एकदा एका मानकरी काकांना म्हणालं, ‘‘मलाबी शिकवा की.’’ काकांनी बांबूची काठी त्याच्या तळहातावर उभी केली. काठी पडली. पुन्हा पडली. एकदा तर थेट माझ्या चहात! काका म्हणाले, ‘‘बाळा, हाताकडं काय बघतो? शेंड्याकडं बघ.’’

त्यानं वर बघितलं. मान उचलली, छाती पुढं आली, पाय आपोआप फाकवून घट्ट रोवले. काठी उभी! ‘ताठ राहा’ असं त्याला कुणी म्हणालंच नव्हतं.

आता गृहपाठाला ते वाकलं की आई फक्त म्हणते, ‘‘शेंडा!’’ हसतं आणि मान वर करतं. दहा मिनिटांनी पुन्हा वाकतं, पोरच ते. मग तिनं त्याला उठवून अंगणात पिटाळायचं. लोंबकळणं, चढणं, पळणं, यानंच पाठीचे स्नायू बळकट होतात.

दप्तराचं वजन पोराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं. वीस किलोचं पोर, तर दोन किलो दप्तर. त्यात लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो तिथंच गेला. आणि दोन्ही पट्टे खांद्यावर, दोन्ही.

दोन-तीन वर्षांच्या बाळाचं पोट पुढं दिसतं, ते त्या वयाला साजेसंच. पण एक खांदा वर, एक खाली दिसला किंवा पोर सारखी पाठ दुखते म्हणालं, तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.