दारावरची पाटी

(दृश्य : चढाची गल्ली, सकाळची वेळ. घरांच्या मागे द्राक्षांचे मळे.)

जर्मनीतलं श्टुटगार्ट शहर कढईच्या तळाशी बसलंय. चहूबाजूंनी टेकड्या, टेकड्यांवर घरं आणि घरांना खेटून द्राक्षमळे. वर चढायला शहरभर चारशेहून जास्त जिने आहेत. मर्सिडीज आणि पोर्शेचं हे गाव १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे, हे मात्र मुंबईत फारसं कुणाच्या गावी नसतं.

इथल्याच एका चार मजली इमारतीत पुण्याची अकरावीतली एक मुलगी राहते. वर्षभर इथल्या शाळेत जायचं आणि इथल्या कुटुंबात राहायचं, असा बेत. घरात आई, बाबा, चौदा वर्षांचा मुलगा आणि एक म्हातारं मांजर. परदेशी मुलं ठेवून घेणाऱ्यांना त्याचे पैसे मिळत असणार, असा आपल्याकडे अनेकांचा समज असतो. जर्मनीत एएफएससारख्या, शाळकरी मुलांची देशोदेशी देवाणघेवाण करणाऱ्या संस्थेतर्फे मूल घरी आलं, तर यजमानांना मानधन नसतं. एएफएसचं मूळच वेगळं आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींना रुग्णवाहिकेतून नेणारे अमेरिकन स्वयंसेवक, ही तिची सुरुवात. शाळकरी मुलांची देवाणघेवाण दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये सुरू झाली.

म्हणजे पैशाचा व्यवहार नाही आणि रक्ताचं नातंही नाही. मग आपण या घरातले कधी झालो, हे कळायचं कसं? या इमारतीत ते दाराच्या मुठीला टांगलेलं असतं.

(दृश्य : दाराच्या मुठीला लटकलेली लाकडी पाटी, जवळून.)

पाटीवर लिहिलंय ‘केरवोखे’. साफसफाईची आठवड्याची पाळी. ज्याच्या दारावर पाटी, त्याचा जिना. प्रथा जुनी आहे. आपापला उकिरडा दर आठवड्याला उचलून शहराबाहेर न्यावा, असा नियम श्टुटगार्टमध्ये १४९२ साली निघाला होता. शहराने १९८८ मध्ये आठवड्याची सक्ती काढून टाकली, पण भाडेकरारातून आणि इमारतींच्या नियमावलीतून पाटी काही हटली नाही. छोट्या पाळीत आपल्या मजल्याचा जिना येतो. मोठ्या पाळीत अंगण, फुटपाथ, तळघराची वाट आणि थंडीत पहाटे उठून बर्फ लोटणं.

सुरुवातीचे काही आठवडे तिला कुणी झाडूला हात लावू दिला नाही. ताट उचलायला गेली तरी ‘राहू दे गं’. लाड छान वाटतात, पण त्यात एक अंतरही असतं. मग एका शनिवारी यजमानीण बादली घेऊन आली आणि म्हणाली, आज जिना तुझ्याकडे.

जिना पुसण्याचंही शास्त्र आहे. आधी पायपुसणी उचलून झटकायची. मग कोरडा ब्रश, वरून खाली. पायरीच्या कोपऱ्यात माती बसते, तिथे ब्रश पोचत नाही. बोटाला फडकं गुंडाळून ती काढायची. मग कठडा, आणि सगळ्यात शेवटी ओलं फडकं, चांगलं पिळून, कारण लाकडावर पाणी साचलं की बोलणी बसतात. हे सगळं शनिवारीच उरकायचं; रविवारी इमारतीत आवाज चालत नाही. पुण्यातल्या घरी केरफरशीला बाई येतात. त्यांच्या हाताखालून रोज किती पायऱ्या जातात, याचा हिशोब तिने पहिल्यांदा इथे केला.

दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. घरात यजमान आई-बाबांना नावाने, एकेरीत हाक मारायची, याला तिची जीभ बरेच दिवस धजेना. जिन्यात आजी भेटल्या की मात्र आडनाव आणि अहो-जाहो. त्या दिवशी आजींनी दार उघडलं, पायऱ्या पाहिल्या, कोपरा पाहिला आणि काही न बोलता दार लावून घेतलं. ही मुलगी हिरमुसली. घरात मात्र सगळे खूश! ओरडा बसला नाही म्हणजे कौतुक झालं, अशी श्वाबियन, म्हणजे या भागातल्या माणसाची रीत आहे.

(दृश्य : संध्याकाळचं टेबल.)

रात्री या घरात शेगडी पेटत नाही. दुपारचं जेवण गरम, रात्रीचं गार. प्रत्येकापुढे एक छोटी लाकडी फळी, मधे राय धान्याचा काळपट पाव, लोणी, चीज, काकडीचं लोणचं. वरणभाताच्या पोटाला ही शिक्षाच.

पण शनिवारी दुपारी टेबलावर चक्क मसूर येतो! मसूर, श्पेट्झले नावाच्या अंड्या-मैद्याच्या जाडसर शेवया आणि सॉसेज, हे इथल्या घराघरातलं जेवण. ती सॉसेज खात नाही. तिच्या वाटचं मुलाच्या ताटात जातं. मसूर येतो जवळच्या श्वाबियन आल्ब या पठारावरून. तिथली जमीन खडकाळ, चुनखडीची. मसुराचं रोप नाजूक, आडवं पडतं, म्हणून त्याच्यासोबत जव किंवा ओट पेरतात. रोप त्यांच्या आधाराने उभं राहतं. ही शेती मधल्या काळात पार बंद पडली होती. १९८० च्या दशकात ती पुन्हा सुरू झाली, पण जुनं स्थानिक वाण हरवलेलंच होतं. ते २००६ मध्ये सापडलं, तेही रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव संस्थेच्या बियाणे संग्रहात.

हे यजमान बाबांनी तिला जेवता जेवता सांगितलं आणि मसुरावर व्हिनेगर ओतलं. इथे तशीच पद्धत आहे.

पुढच्या शनिवारी तिने मसुराची आमटी केली. मोहरी तडतडली, मिरची ठसकली, भर थंडीत घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या गेल्या, मांजर सोफ्याखाली. आमटी मात्र संपली. पुण्याहून आणलेली आमसुलं नाताळापर्यंत पुरली नाहीत. आता आमटीतही व्हिनेगरच पडतं. आईला फोनवर हे अजून सांगितलेलं नाही.