‘नॉटविथस्टँडिंग’ कसा वाचावा

(कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आज एकच इंग्रजी शब्द घ्यायचा आहे: ‘नॉटविथस्टँडिंग’. तुमच्यातले बरेच जण मराठी माध्यमातून इथे आलात. शब्दकोशात याच्यापुढे ‘असे असूनही’, ‘तरीसुद्धा’ एवढं सापडतं आणि आपण पान उलटतो. वर्तमानपत्रापुरतं तेवढं पुरतं. कायदा वाचताना पुरत नाही, कारण दोन तरतुदी एकमेकींच्या आड आल्या तर कोणती टिकायची, हे तिथे हा शब्द ठरवतो.

आधी वापर पाहू. ‘नॉटविथस्टँडिंग द रेन’ असं म्हणता येतं, तसंच ‘द रेन नॉटविथस्टँडिंग’ असंही. दुसऱ्या रचनेत शब्द नामानंतर येतो, आपल्या शब्दयोगी अव्ययांसारखा, त्यामुळे मराठी माणसाला ती खरं तर सोपी जायला हवी. ‘डिस्पाइट’ला ही मुभा नाही. अर्थातही फरक आहे. ‘डिस्पाइट’ बहुधा घडलेल्या गोष्टीबद्दल बोलतो: पाऊस होता, तरी सामना झाला. कायद्यातला ‘नॉटविथस्टँडिंग’ पुढे होऊ शकणाऱ्या भांडणाचा निकाल आधीच लावून ठेवतो. त्याच्यामागे लॅटिनमधलं ‘नॉन ऑब्स्टान्टे’ आहे, म्हणजे ‘आड न येता’. इंग्लंडचे राजे हेच शब्द घालून मर्जीतल्या माणसांना संसदेच्या कायद्यातून सूट द्यायचे. १६८९ च्या बिल ऑफ राइट्सने त्याला आळा घातला. राजाच्या हातातलं हे हत्यार आता विधिमंडळाच्या हातात आहे. आपल्याकडच्या मराठी अधिनियमांत ते ‘अन्य कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी’ अशा रूपात भेटतं.

आता संविधानाचा अनुच्छेद २४६ उघडा. केंद्र आणि राज्यं यांच्यात कायदे करण्याचा अधिकार इथे वाटून दिलाय. खंड (१) सुरू होतो ‘नॉटविथस्टँडिंग’ने: खंड (२) आणि (३) मध्ये काहीही असलं तरी संघसूचीतल्या विषयांवर फक्त संसद कायदा करील. खंड (३) राज्यांना राज्यसूची देतो, पण त्याची सुरुवात ‘सब्जेक्ट टू’ने होते, म्हणजे खंड (१) आणि (२) यांना अधीन राहून. मधल्या खंड (२) मध्ये तर दोन्ही शब्द आहेत. तो समवर्ती सूचीचा, म्हणजे संसद आणि राज्यं दोघांनाही कायदा करता येईल अशा विषयांचा खंड. खंड (३) च्या वर, पण खंड (१) च्या खाली. आपल्या देशाचं संघराज्य किती केंद्राकडे झुकलेलं आहे यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. त्यातला निम्मा वाद या दोन शब्दांच्या जागेवरून समजतो, असं माझं मत आहे. म्हणून ‘सब्जेक्ट टू’ आणि ‘नॉटविथस्टँडिंग’ नेहमी जोडीनेच शिका. एक मान खाली घालतो, दुसरा वर काढतो.

इथे मुलं एक घाई करतात. हा शब्द दिसला की ही तरतूद सगळ्यांच्या वर, असं धरून चालतात. तसं नसतं. काय बाजूला सारलंय ते आधी पाहायचं: याच कलमातला एखादा खंड, हा अख्खा कायदा, की इतर सगळे कायदे? आणि मग, कशापुरतं सारलंय?

दुसऱ्या प्रश्नाचं उदाहरण तुमच्या घरातलंच देतो. शेअर्सना नॉमिनी लावलेला असतो. माणूस गेला, तर शेअर्स कोणाचे? नॉमिनीचे की वारसांचे? १९५६ च्या कंपनी कायद्यात १९९९ साली कलम १०९ए घातलं गेलं. त्याचं उपकलम (३) असं सांगतं, की त्या वेळी अंमलात असलेल्या अन्य कोणत्याही कायद्यात किंवा मृत्युपत्रातही काहीही असलं तरी, भागधारकाच्या मृत्यूनंतर शेअर्सवरचे सगळे हक्क इतरांना वगळून नॉमिनीकडे जातील. याहून स्पष्ट काय लिहायचं? मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने २०१० मध्ये हे शब्द जसेच्या तसे धरले आणि नॉमिनीच मालक ठरला. पुढे त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने नॉमिनी मालक ठरत नाही, असा वेगळा निर्णय दिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचं म्हणणं कायम केलं. कारण असं: हे कलम कंपनीची सोय पाहतं. सभासद गेल्यावर शेअर्स कोणाच्या नावे करायचे, याचा घोळ कंपनीच्या गळ्यात पडू नये, एवढाच त्याचा हेतू. मृत्युपत्र आणि वारसा कायदा सोडून वारसाहक्काची नवी, तिसरी वाट काढणं हा कंपनी कायद्याचा विषयच नाही. म्हणजे ‘नॉटविथस्टँडिंग’ होता, जोरदार होता, पण त्याची धाव कायद्याच्या हेतूपर्यंतच. मृत्युपत्र आणि वारसा कायदा आपापल्या जागी शाबूत राहिले. किती घरांतली भावंडं हे ठाऊक नसल्यामुळे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत! तुम्ही उद्या वकील व्हाल तेव्हा ही गोष्ट अशिलाला शांतपणे, मराठीत समजावून सांगा.

आणि आता संविधानाचा सतरावा भाग, भाषांचा. अनुच्छेद ३४३(१) म्हणतो, संघराज्याची राजभाषा हिंदी. लगेच ३४३(२): खंड (१) मध्ये काहीही असलं तरी पंधरा वर्षं इंग्रजी चालू राहील. मग ३४३(३): या अनुच्छेदात काहीही असलं तरी त्या पंधरा वर्षांनंतरही इंग्रजी ठेवण्याचा कायदा संसदेला करता येईल. तो कायदा १९६३ मध्ये झाला. त्याचं कलम ३ पुन्हा त्याच शब्दाने सुरू होतं: पंधरा वर्षांची मुदत संपली असली तरी. ही मुदत २६ जानेवारी १९६५ ला संपली आणि इंग्रजी राहिली. अनुच्छेद ३४८ मध्येही तेच. आधीच्या तरतुदींत काहीही असलं तरी, संसद वेगळं ठरवीपर्यंत सर्वोच्च न्यायालयाचं आणि उच्च न्यायालयांचं कामकाज इंग्रजीत. या देशात इंग्रजी ज्या पायावर उभी आहे, तो या एका शब्दाच्या विटांनी रचलाय. तुम्हाला आज इंग्रजीत युक्तिवाद शिकावा लागतो, तो यामुळे.

पण ३४८(१) वर थांबू नका, खंड (२) वाचा. तोही ‘नॉटविथस्टँडिंग’नेच सुरू होतो आणि या वेळी इंग्रजीलाच बाजूला सारतो. राष्ट्रपतींची पूर्वसंमती घेऊन राज्यपाल उच्च न्यायालयाच्या कामकाजात हिंदी किंवा राज्याची राजभाषा वापरायला परवानगी देऊ शकतात. निकाल आणि आदेश यांना ही सवलत लागू नाही. मात्र त्यांच्यासाठी १९६३ च्या कायद्याचं कलम ७ आहे: सोबत इंग्रजी अनुवाद दिला तर निकालही राज्याच्या राजभाषेत देण्याची परवानगी मिळू शकते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार यांनी हिंदीसाठी खंड (२) ची वाट वापरली. मराठीलाही ती खुली आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं कामकाज अजून इंग्रजीतच चालतं.