आपल्या वॉर्डाची बातमी कोण सांगणार?

नमस्कार, श्रोतेहो.

मुंबईत बातम्यांना तोटा नाही. दादर स्टेशनबाहेरच्या एखाद्या पेपर स्टॉलवर नजर टाका. मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी दैनिकं एकमेकांना खेटून लावलेली दिसतील. दूरचित्रवाणी वाहिन्या, जाहिरात कंपन्या, सिनेमाचे स्टुडिओ, सगळं याच शहरात आहे. इतकंच काय, समुद्राच्या तळावरून येणाऱ्या इंटरनेटच्या कितीतरी केबल आपल्या वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. जगाशी बोलायचं तर देशाचा मोठा भाग या किनाऱ्यावरून बोलतो. आणि तरीही काल संध्याकाळी नळाला पाणी का आलं नाही, हे आपल्याला शेजारच्या बिऱ्हाडात जाऊन विचारावं लागतं. आज मला याविषयीच बोलायचं आहे.

या शहरातलं वर्तमानपत्र जन्माला आलं तेच मुळी गावच्या खबरबातीसाठी. 1 जुलै 1822 रोजी फर्दुनजी मर्झबान यांनी 'मुंबई समाचार' सुरू केलं. त्यात काय असायचं? बंदरात कोणतं जहाज लागलं, कोणता माल विकायला आला, असा व्यापारी माणसाला रोज लागणारा मजकूर. हे गुजराती पत्र आजही निघतं. आशिया खंडात अखंड चालू असलेलं सगळ्यात जुनं वर्तमानपत्र म्हणून त्याचा मान आहे. पुढे 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी इथेच 'दर्पण' काढलं. एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी, अशी त्याची मांडणी होती. पत्रकार दिन आपण त्याच तारखेला पाळतो.

पण मला त्याहून जवळचं वाटतं ते नारायण मेघाजी लोखंडे यांचं काम. 'दीनबंधू' पुण्यात कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये सुरू केलं होतं. लोखंड्यांनी 1880 मध्ये ते मुंबईत आणलं आणि गिरणी कामगारांच्या हाती दिलं. लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले. कामाचे तास किती, सुट्टी का नाही, पगार वेळेवर का होत नाही, हे प्रश्न त्यांनी छापले, त्यावर सभा घेतल्या, 1884 मध्ये कामगारांची संघटना उभी केली. 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. बातमी, सभा आणि मागणी ही एकाच माणसाच्या हातून एकाच वस्तीत झाली, म्हणून ती फळाला आली, असं माझं ठाम मत आहे.

गिरणगावात आणखी एक माध्यम होतं, आणि अजूनही काही ठिकाणी ते टिकून आहे. चाळीच्या दाराशी किंवा नाक्यावर टांगलेला काळा फळा. लालबाग-परळच्या बाजूला फिरताना थांबून वाचा. वर मंडळाचं नाव रंगवलेलं, खाली खडूने सुबक अक्षर. अमुक मजल्यावरच्या अमुक यांचं निधन, अंत्ययात्रा अकरा वाजता निघेल. उद्या पाणी उशिरा येईल. दहावीच्या मुलांच्या सत्काराची नावं रविवारपर्यंत द्यावीत. फळा जो लिहितो त्याला सगळी चाळ ओळखते. चूक झाली तर संध्याकाळच्या आत कोणीतरी त्याला गाठून सांगतं, आणि तो ओल्या फडक्याने ती ओळ पुसून नवी लिहितो. हा जो उत्तरदायीपणा आहे ना, तो मला फार मोलाचा वाटतो.

त्याच्या शेजारी आजचा व्हॉट्सॲप ग्रुप ठेवून बघा. 'उद्या आपल्या भागात पाणी नाही, सर्वांना कळवा.' हा 'उद्या' कोणत्या तारखेचा? भाग कोणता? पहिल्यांदा पाठवला कोणी? काहीच कळत नाही. मागच्या पावसाळ्यातला निरोप या पावसाळ्यात पुन्हा फिरतो आणि घराघरात बादल्या भरल्या जातात. महापालिका आपली पत्रकं काढते, समाजमाध्यमांवर टाकते, हे मान्य. पण त्यातलं 'जी उत्तर विभाग' म्हणजे आपलं दादर, माहीम, धारावी, हे किती जणांना पटकन लक्षात येतं? ते समजेल अशा भाषेत सांगणारं मधलं माणूस हवं.

शिवाय मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कितीतरी काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. ज्याच्या दारात जाऊन गटाराची तक्रार करावी असा नगरसेवकच नव्हता. अशा वेळी वॉर्डाची बातमी देणारं कोणी असणं किती गरजेचं होतं!

आता रेडिओकडे येते. 23 जुलै 1927 रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, आणि या देशातलं नियमित प्रसारण तिथून धरलं जातं. याच शहरात ऑगस्ट 1942 मध्ये बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेसचं गुप्त रेडिओ केंद्र चालवलं. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून ट्रान्समीटर घेऊन जागा बदलत राहायचं आणि वर्तमानपत्रांना छापता येत नव्हतं ते बोलायचं. विदर्भातल्या आष्टी-चिमूरमध्ये इंग्रज सरकारने केलेल्या अत्याचारांची हकिगत त्यांनी हवेत सोडली. नोव्हेंबरमध्ये त्या पकडल्या गेल्या. जेमतेम तीन महिन्यांचं ते केंद्र, पण आवाजाची ताकद काय असते हे त्याने दाखवून दिलं.

26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस. गाड्या बंद, वीज गेलेली, मोबाइल मुके झालेले. तेव्हा कुठला रस्ता चालू आहे, कुठे पाणी चढलंय, हे ज्यांना कळलं त्यांच्यापैकी अनेकांच्या हाताशी सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर होता. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत छापील पेपरही काही दिवस घरी येईनासा झाला. पहाटे फुटपाथवर बसून मेनमध्ये, म्हणजे मुख्य अंकात, पुरवण्या घालणारी आणि मग आपापली लाइन टाकायला, म्हणजे ठरलेल्या घरांना पेपर पोचवायला, सायकलवर निघणारी पोरं घरी बसली, की कोट्यवधी रुपयांची छपाई यंत्रं असूनही बातमी दारात पोचत नाही, हे तेव्हा आपण पाहिलं.

मग रेडिओने ही वॉर्डाची बातमी का सांगू नये? खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःची बातमीपत्रं देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. वाहतूक, हवामान, पाणी-वीज यांची माहिती देता येते. पण पाणी बंद आहे एवढं सांगायचं, आणि दर महिन्याला त्याच गल्लीत का बंद असतं ते विचारायचं नाही, हे मला पटत नाही. 2023 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणानेच शिफारस केली की या वाहिन्यांना दर तासाला दहा मिनिटं बातम्यांची मुभा द्यावी. अफवा पसरतील अशी भीती काही जण घालतात. पण परवाना असलेल्या केंद्राचा पत्ता असतो, आवाज ध्वनिमुद्रित असतो, जाब विचारता येतो. अफवा तर आज बिनपत्त्याच्या निरोपांतून पसरतेच आहे.

मला हवी आहेत संध्याकाळी सातची दहा मिनिटं. आज धारावीसाठी, उद्या मुलुंडसाठी, परवा गोवंडीसाठी. कोणत्या रस्त्याचं काम कोणत्या तारखेला संपायचं होतं आणि आज कुठवर आलंय. महापालिकेच्या दवाखान्यात कोणतं औषध संपलंय. कोणत्या शाळेत शिक्षक आलेले नाहीत. मराठीत तर हवंच, आणि वस्ती बघून हिंदीत, उर्दूत, तमिळमध्येही. संबंधित अधिकाऱ्याला त्याच वेळी फोन लावावा आणि तो जे बोलेल ते ऐकवावं.

श्रोतेहो, तुमच्या भागासाठी अशी दहा मिनिटं मिळाली तर पहिली बातमी कोणती असावी, हे एका पोस्टकार्डावर आम्हाला जरूर लिहून कळवा. वॉर्डाचं नाव आणि तारीख घालायला विसरू नका. नमस्कार.