वहीतलं मूल

श्रोते हो, नमस्कार.

एचआयव्हीची लागण असलेल्या मुलांच्या एका निवासी संस्थेत राहून तिथल्या रोजच्या जगण्याची नोंद ठेवायचं काम मी केलं. फोटो, ध्वनिमुद्रण, लिखाण, सगळंच. पहिल्याच संध्याकाळी कॅमेरा काढला. आठ वाजता गोळ्यांची रांग लागली होती. सहा-सात वर्षांचा एक मुलगा गोळी गिळून झाल्यावर ताईंपुढे 'आ' करून दाखवत होता; आधी जीभ वर, मग गालाची आतली बाजू. फोटो सुरेख आला. रात्री मी तो ताईंना दाखवला.

"याच्याखाली काय लिहिणार?" त्यांनी विचारलं.

"एचआयव्हीचं औषध घेताना."

"त्याला ते नाव अजून ठाऊक नाही हो. त्याच्या लेखी ती ताकदीची गोळी आहे."

फोटो मी तिथल्या तिथे काढून टाकला. मुलाचा आजार मुलाआधी परक्या माणसांना कळणार होता, आणि तोही माझ्यामुळे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शाळकरी वयातल्या, म्हणजे ६ ते १२ वर्षांच्या मुलांना त्यांचं निदान सांगावं, त्याहून लहान असतील तर समजेल तेवढं, कलाकलाने सांगावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये म्हटलं आहे. हे सांगायचं कुणी? ज्याच्यावर मुलाचा विश्वास आहे त्याने, आणि नंतर येणाऱ्या प्रश्नांना उत्तरं द्यायला जो जवळ असेल त्याने. चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याचं ते काम नव्हे.

मग मी पाठमोरे फोटो काढू लागलो. अशा मुलांचं नाव बदलावं, चेहरा ओळखू येऊ देऊ नये, असा युनिसेफचा वार्तांकनाचा नियम आहे. पूर्ण कल्पना देऊन घेतलेली संमती असेल तरच त्याला अपवाद. नियम योग्यच आहे. आपण आज आकाशवाणीवर बोलतो आहोत म्हणून हेही सांगतो, की आवाजावरूनही माणूस ओळखता येतो. म्हणून या भाषणात तुम्हाला एकाही मुलाचा आवाज ऐकू येणार नाही.

पण एका मुलीने मला गाठलंच. अकरा वर्षांची असेल. म्हणाली, "दादा, सगळे फोटो पाठीमागूनच का? आमचे चेहरे चांगले नाहीत का?"

जग अजून घाबरतं, असं तिला कसं सांगणार? एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एकत्र खेळल्याने एचआयव्ही पसरत नाही, हे इतकी वर्षं सांगितलं जातंय, तरी शाळा आणि शेजार अजून बिचकतातच. मी दुसऱ्या दिवशी तिचे समोरून फोटो काढले. हसताना, वेणी घालताना, रुसलेली. त्यांच्या प्रती छापून तिच्या हातात दिल्या आणि माझ्याकडची फाइल पुसून टाकली. ते फोटो तिचे आहेत. मी काढले म्हणून ते माझे होत नाहीत.

खरी गोष्ट इथे सुरू होते. संस्थेत प्रत्येक मुलाची एक फाइल असते. वजन, उंची, सीडी४ म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींची संख्या, व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, कोणती गोळी कधी बदलली, सगळं तारखेसह. पण गुडघ्यावरचा व्रण कशाने झाला? पहिल्यांदा सायकल कुणी शिकवली? रात्री दिवा का लागतो? घरी हे आईच्या लक्षात असतं. इथे काहींचे आईवडील गेलेले, नातेवाईक तुटलेले, आणि सांभाळणाऱ्या ताया नोकरी बदलून जातात. त्यांच्याबरोबर मुलाचं बालपणही निघून जातं.

युगांडात १९९० च्या दशकात एचआयव्हीसह जगणाऱ्या आयांनी आपल्या मुलांसाठी आठवणींच्या वह्या लिहायला घेतल्या. घराण्याची माणसं, मुलाच्या जन्माची हकीकत, लहानपणच्या खोड्या, आणि बरोबरीने आपल्या आजाराबद्दलही. प्रभावी उपचार तेव्हा त्यांच्या हाती नव्हते. आपण गेल्यावर मुलाला हे सांगायला कुणी उरणार नाही, एवढं त्या जाणून होत्या. नोंद कुणासाठी ठेवायची हे मी त्यांच्याकडून शिकलो.

आज चित्र पालटलं आहे, आणि आपल्या नोंदीतही ते दिसलं पाहिजे. एकेकाळी लहान मुलांना घशाखाली न उतरणारं कडू औषध द्यावं लागे. २०२० पासून पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची, डोल्युटेग्राविर या एचआयव्हीवरच्या औषधाची गोळी आली. औषध नेमाने चालू राहिलं की विषाणू दबलेला राहतो, मूल शाळेत जातं, मोठं होतं, नोकरी करतं. तरीही देणगीसाठी छापल्या जाणाऱ्या पत्रकांत खोल गेलेले डोळेच लागतात. मला अशी मागणी झाली होती. मी नाही म्हटलं. उद्या हाच मुलगा पंचवीस वर्षांचा होऊन ते पत्रक हातात धरेल तेव्हा त्याला काय वाटेल, याचा विचार छापणाऱ्याने करायला हवा.

आता मी प्रत्येक मुलाला एक वही देतो. ज्याला लिहिता येत नाही तो सांगतो, मी लिहितो. कपाटाची किल्ली ताईंकडे, पण वही ज्याची त्यानेच उघडायची. मला वाचायची असली तरी विचारावं लागतं, आणि कधीकधी "नाही" असं उत्तर मिळतं.

पहिल्या संध्याकाळचा तो 'आ' करणारा मुलगा मी निघायच्या दिवशी वही घेऊन आला. "लिहा," म्हणाला, "आज माझा दात पडला." मी लिहिलं. त्याने वाकून पाहिलं. "खालचा. पुढचा. तेही लिहा."