मोंरुईचं दार

(दृश्य : टेबलावर पालथं ठेवलेलं चित्र. हातमोजे घातलेले हात.)

जुनी हैतीयन चित्रं जमवणारी माणसं चित्र आधी पालथं करतात. रंग मागाहून. हा तपकिरी बोर्ड मॅसोनाइटचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला; कोपऱ्यातून भुगा सुटतोय. एका कडेला पुसट शिक्का, ‘सांत्र दार, पोर्ट-ओ-प्रिन्स’, आणि शेजारी पेन्सिलीने घातलेला आकडा. या बाजारात नकलांचा सुळसुळाट आहे, त्यामुळे असा शिक्का दिसला की घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. शिक्काही खोटा मारता येतोच म्हणा.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्रं.)

सांत्र दार म्हणजे कलाकेंद्र. ते 14 मे 1944 रोजी हैतीच्या राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये उघडलं. सुरू करणारे ड्यूइट पीटर्स हे अमेरिकन चित्रकार, हैतीत आले होते इंग्रजी शिकवायला. केंद्रात चित्रकला शिकवायची असा बेत होता; पण दारात उभे राहिले ते न शिकता रंगवणारे. रिगो बेन्वा गाडी चालवत. कास्तेरा बाझिल पीटर्सच्याच घरी कामाला होते. केप-हैतीचे फिलोमे ओबँ पन्नाशी ओलांडलेले, कित्येक वर्षं रंगवत आलेले.

आणि हेक्टर इपोलित. मोंरुई गावात एका बारच्या दारावर फुलं आणि पक्षी रंगवलेले होते. रस्त्याने जाताना पीटर्सची नजर तिथे खिळली. रंगवणारा माणूस सापडला तो बऱ्याच काळाने. इपोलित वूडू या हैतीच्या लोकधर्माचे पुजारी. घरं आणि फर्निचर रंगवून पोट भरत. रंग लावायला ब्रश, कोंबडीची पिसं, नाहीतर सरळ बोटं. जलदेवता ला सिरेन त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येते. 1945 मध्ये ते राजधानीत आले. त्याच डिसेंबरात फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतों हैतीत उतरले आणि इपोलितची चित्रं विकत घेऊन गेले. 1948 मध्ये इपोलित वारले. जेमतेम तीन वर्षं, आणि मागे शेकडो चित्रं.

(दृश्य : ओबँ यांचं चित्र, हळूहळू जवळ.)

या साऱ्यांना बाहेरच्या जगाने ‘भाबडे’ म्हटलं. हे बघा आणि मग म्हणा. तेव्हा हैती अमेरिकेच्या ताब्यात होता. 1919 मध्ये अमेरिकन फौजेने बंडखोर नेता शार्लमान्य पेराल्त याला मारलं, प्रेत एका दाराला बांधलं आणि लोकांना दहशत बसावी म्हणून फोटो वाटला. लोकांना त्यात क्रुसावरचा येशू दिसला. ओबँनी तेच रंगवलं : दार, बांधलेला देह, बाजूला आई. खाली सुवाच्य फ्रेंच अक्षरांत मथळा. यात भाबडं काय आहे?

(दृश्य : कॅथेड्रलचा अवशेष.)

1950–51 मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सच्या होली ट्रिनिटी कॅथेड्रलच्या भिंती याच मंडळींनी रंगवल्या. एकूण 14 चित्रं. विल्सन बिगो तेव्हा विशीतला पोरगा. बायबलातलं काना गावचं लग्न, जिथे येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, ते त्याने थेट हैतीत आणून लावलं. 12 जानेवारी 2010 च्या भूकंपात ते लग्न गेलं. बाझिलने रंगवलेला येशूचा बाप्तिस्मा, ओबँचं येशूचं शेवटचं भोजन आणि प्रेफेत द्युफो यांची मिरवणूक, एवढी तीनच उभी राहिली. स्मिथसोनियन या अमेरिकन संग्रहालय-संस्थेच्या मदतीने ती भिंतीवरून तुकड्यातुकड्यांनी उतरवली. सांत्र दारची इमारतही पडली होती. ढिगाऱ्यातून उपसलेली हजारो चित्रं, शिल्पं कंटेनरमध्ये रचली गेली.

बरीच चांगली जुनी चित्रं त्याआधीच परदेशात गेली होती; आज ती बघायला हैतीच्या माणसाला व्हिसा लागतो.

(दृश्य : पुन्हा टेबल.)

आता चित्र सुलटं होतंय. कोंबड्यांची झुंज. भोवती माणसांचं कडं, प्रत्येकाच्या टोपीचा रंग वेगळा. कोपऱ्यात सही नाही. मागे पेन्सिलीचा तो आकडा आहे, त्यावरून शोध चालू आहे.