नादिष्ट मास्तर

मंडळी, आपल्या भाषेत नाद म्हणजे आवाज आणि नाद म्हणजे वेडही. 'त्याला रेडिओचा नाद आहे' म्हटलं की शेजारी हळहळून मान हलवतात. कोल्हापूरकडचे कुणी असतील तर ते 'नादखुळा' म्हणून पाठ थोपटतील, ती गोष्ट वेगळी. आजच्या माणसाला दोन्ही अर्थांनी नाद होता. जेफ्री पेरी. इंग्लंडात केटरिंग नावाचं गाव आहे, तिथल्या ग्रामर स्कूलमध्ये फिजिक्सचे मास्तर. २००० सालच्या जानेवारीत गेले. जवळजवळ सगळी हयात रशियन उपग्रह ऐकण्यात घालवली. बघण्यात नव्हे हो, ऐकण्यात. आणि नुसत्या ऐकण्यावरून रशियानं लपवलेला उड्डाणतळ हुडकून काढला; तेच सांगायला तुम्ही मला बोलावलंत.

सुरुवात १९६० ची. केमिस्ट्रीचे डेरेक स्लेटर रेडिओतले जाणकार. दोघांनी शाळेत शॉर्टवेव्हचा रिसीव्हर लावला आणि मे महिन्यात स्पुटनिक-४ चा आवाज पकडला. कशासाठी? पोरांना डॉपलर परिणाम शिकवायला, म्हणजे जवळ येताना सूर चढतो आणि लांब जाताना उतरतो, तो! आपण तो आगगाडीच्या शिट्टीवर शिकलो. इंजिन फळ्यावर, शिट्टी मास्तरांच्या तोंडून. मीही तीस वर्षं वाजवली. शेवटी शेवटी कवळीमुळे डॉपलर जरा जास्तच यायचा. पेरींच्या वर्गात मात्र खरा उपग्रह यायचा. येताना सूर चढा, मग उतरत जाणारा. वीस मेगाहर्ट्झचा संदेश, सेकंदाला साडेसात किलोमीटर वेग. येता-जाता मिळून हजारेक हर्ट्झचा फरक. कुठल्याही पोराच्या कानाला कळेल.

आता माझं दुखणं सांगतो. मी शिकवायचो त्या शाळेत एक ऑसिलोस्कोप होता, विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र. लोखंडी कपाटात, वर फुलाफुलांचा अभ्रा. वर्षातून एकदा तपासणी आली की बाहेर निघायचा, फडक्यानं पुसला जायचा, पाठीवरचा पांढऱ्या ऑइलपेंटचा नंबर डेडस्टॉक रजिस्टरशी जुळवला जायचा, की परत आत. किल्ली हेडसरांच्या खणात. एकदा धीर करून मागितला. म्हणाले, "बिघडला तर भरून कोण देणार?" म्हटलं, "सर, वापरलाच नाही तर बिघडेल कसा?" म्हणाले, "तेच म्हणतोय मी!" निवृत्त झाल्यावर सहज डोकावलो, तर नंबर नव्यानं रंगवलेला होता. प्लगची पिन अजून चकचकीत.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता मेल गाडीसारखं.

उपग्रह साधारण दीड तासात फेरी मारतो. तेवढ्यात खाली पृथ्वी साडेबावीस अंश फिरते, त्यामुळे त्याची वाट दर फेरीला तेवढी पश्चिमेला सरकते. आवाज कधी आला, कधी विरला, याची वही असली की हिशेब मागं नेत पहिल्या फेरीपर्यंत पोचता येतं. रशियाचे बहुतेक उपग्रह कझाकस्तानातल्या बायकोनूर तळावरून उडतात, असा तेव्हा समज. १७ मार्च १९६६ ला उडालेला रशियन उपग्रह कॉसमॉस-११२ त्या हिशेबात बसेना. कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कलही ७२ अंश, हा नवाच. एका रेघेवर जागा ठरत नाही, म्हणून थांबले. ऑक्टोबरात कॉसमॉस-१२९ आला, तोही बायकोनूरचा वाटेना. दोघांच्या पहिल्या फेरीच्या रेघा मागं नेल्या, तर नकाशावर त्या उत्तर रशियात, आर्खांगेल्स्कच्या दक्षिणेला एकमेकींना छेदत होत्या. प्लेसेत्स्क! तिथल्या क्षेपणास्त्र तळाची खबर अमेरिकेच्या हेरखात्याला होती, पण ते कशाला बोलतील? जगाला सांगितलं शाळामास्तरानं. मॉस्कोनं अधिकृतपणे कबूल केलं १९८३ मध्ये, सतरा वर्षांनी. तोवर मास्तरांना एमबीई हा ब्रिटिश किताब मिळूनही दहा वर्षं झाली होती.

कॉसमॉस-९५४ चं राहिलंच. तो अणुभट्टीसकट १९७८ मध्ये कॅनडात पडला, ती गंमत चहाच्या वेळी. प्रश्न असतील तर पटकन विचारा. या हॉलची किल्लीसुद्धा कुणाच्या तरी खणात आहे, आणि ते गृहस्थ मघापासून दारात उभे आहेत.