क्रॉनटॅबमध्ये एकच ओळ

आधी एक अनुभव सांगतो. एका क्लायंटचा सर्व्हर आम्ही बदलला, कोड हलवला, डेटाबेस हलवला, साइट व्यवस्थित चालू झाली, सगळे निवांत. चार दिवसांनी त्यांच्या अकाउंट्समधल्या मॅडमचा फोन आला, रोज रात्री बिलांचे मेल जायचे ते बंदच झालेत. शोधलं तर जुन्या सर्व्हरच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे सर्व्हरने कोणतं काम कधी आपोआप चालवायचं त्या यादीत, अकरा ओळी होत्या, गिटमध्ये, म्हणजे जिथे कोडचे सगळे बदल नोंदले जातात तिथे, त्यांचा पत्ताच नाही, आणि ज्याने लिहिल्या तो कधीच नोकरी सोडून गेलेला. जुनं मशीन अजून पुसलं नव्हतं म्हणून वाचलो.

तेव्हापासून मी प्रत्येकाला लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कचा स्केड्युलर (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) वापरा म्हणून सांगत असतो. २०१५ मध्ये लारावेल ५ आलं तेव्हाच तो आला. क्रॉनटॅबमध्ये पाच स्टारवाली एकच ओळ, दर मिनिटाला स्केड्युल-रन मारणारी, बाकी सगळं वेळापत्रक कोडमध्ये. आधी ते कर्नल फाइलमध्ये असायचं, लारावेल ११ पासून राउट्स फोल्डरमधल्या कन्सोल फाइलमध्ये लिहितात. त्यामुळे कोणी रात्री दोनचा बॅकअप तीनला नेला तर तो बदल रिव्ह्यूला येतो, आणि स्केड्युल-लिस्ट मारलं की पुढचं काम कधी चालणार ते नवीन आलेल्या पोरालाही दिसतं.

टाइमझोनचं मात्र बघा हं. डिफॉल्ट यूटीसी असतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे नऊ वाजता लिहिलेलं काम आपल्याकडे दुपारी अडीचला चालणार. त्या कामावर एशिया-कोलकाता लावा, झालं.

खरा घोळ होतो ओव्हरलॅपचा. समजा स्टॉक सिंक दर पाच मिनिटांनी चालतो आणि एखाद्या दिवशी डेटा वाढला, सात मिनिटं लागली, की पहिला संपायच्या आत दुसरा सुरू होतो आणि दोघं त्याच नोंदींवर हात मारतात. त्यावर विदाउट-ओव्हरलॅपिंग आहे, ते लॉक लावतं, म्हणजे पहिलं काम संपेपर्यंत दुसरं सुरू होऊ देत नाही. पण हे लॉक आपण काही सांगितलं नाही तर २४ तास टिकतं! काम चालू असताना सर्व्हर रीस्टार्ट झाला तर लॉक तसंच राहतं, मग सिंक दिवसभर गप्प, एरर नाही, काही नाही, आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो. म्हणून कंसात मिनिटं द्याच, पाच मिनिटांच्या कामाला मी पंधरा देतो. अडकलंच तर स्केड्युल-क्लिअर-कॅश मारायचं.

आणि सर्व्हर एकापेक्षा जास्त असतील तर ऑन-वन-सर्व्हर लावा, म्हणजे काम एकाच सर्व्हरवर चालतं, पण त्यासाठी सगळ्यांचा कॅश (तात्पुरत्या नोंदींचा साठा, लॉकही त्यातच असतं) सामाईक पाहिजे, रेडिस किंवा डेटाबेस चालेल, प्रत्येक मशीनवरचा वेगळा फाइल कॅश नाही चालणार. नाहीतर तीन सर्व्हर असले की ग्राहकाला तेच बिल तीनदा जातं.